हनुवटीचं भांडण

‘अक्कल गहाण ठेवलीय का भाऊ?’ असं ज्या माणसाने मला पहिल्यांदा विचारलं, त्याचं तोंड तोवर मी पाहिलेलं नव्हतं आणि त्यानेही माझं पाहिलेलं नव्हतं. भाऊ म्हणजे मी. मी बाई आहे, पन्नाशीला टेकले आहे, शिर्डीतल्या एका मध्यम हॉटेलात काउंटरवर बसते आणि कोल्हारला एकटी राहते. तो प्रश्न वाचून मला राग यायला हवा होता. माझा स्वभाव काही गरीब गाईचा नाही. हॉटेलातली पोरं पाठीमागे मला फौजदारीण म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी काउंटरमागे बसून मी एकटीच हसले. माझी अक्कल कुठे आहे, याची चौकशी कोणी केल्याला फार वर्षं झाली होती.

भांडण मुखवट्यावरून होतं. आमच्या लहानपणी एक हिंदी कॉमिक यायचं. त्यातला नायक दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा आणि अंधार पडला की डोळ्यांवर काळी पट्टी बांधून शहराच्या गच्च्यांवरून पळायचा. त्याच्या बोटांत वीज होती. हे कॉमिक बंद पडून जमाना झाला, पण वाचणारे बंद पडले नाहीत. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. बँकेतले आहेत, मास्तर आहेत, द्राक्षबागाईतदार आहेत, एक वकील आहे. सगळे चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये आणि सगळ्यांचं काम एकच, मालिकेतली भोकं बुजवायची.

भोकं भरपूर होती. एका अंकात नायकाचा डावा हात मोडतो आणि पुढच्या अंकात, त्याच रात्री, तो नदी पोहून जातो. एक खलनायक ज्वालामुखीत पडून मरतो आणि दोन अंकांनंतर लग्नाच्या पंगतीत जिलबी खाताना दिसतो. नायकाची आई तर दोनदा मरते, आणि दोन्ही वेळा तिची शेवटची इच्छा वेगळी असते. बाहेरचा माणूस म्हणेल, लिहिणारा विसरला असेल. आमच्या ग्रुपमध्ये तसं म्हणायला बंदी आहे. जे छापलंय ते घडलंय, एवढं धरून चालायचं आणि दोन्ही गोष्टी खऱ्या कशा ठरतील ते शोधायचं. कंटाळून जो कोणी ‘अहो, चूक असेल’ म्हणेल, त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्या फोटोच्या जागी गाढवाचा फोटो लावायचा. वकिलांनीही लावलाय. मीही लावलाय. दिवसभर कौतुकाने बघत होते मी माझ्या गाढवाकडे.

ही सवय मला वडिलांमुळे लागली. आम्ही तेव्हा बेलापुरात राहायचो आणि वडील एसटीत कंडक्टर होते. गाडी रिकामी झाली की सीटखाली काय काय सापडायचं: जेवणाचे डबे, छत्र्या, लहान पोरांची एकेकच चप्पल. ते सगळं डेपोत जमा करावं लागे. फाटक्या कॉमिकची चौकशी करायला मात्र कोणी येत नसे, म्हणून ती आमच्या घरी यायची. त्यामुळे मला कुठलीच गोष्ट पहिल्यापासून मिळाली नाही. शेवट आधी हाती यायचा, सुरुवात वर्षाने यायची आणि मधलं कधीच यायचं नाही. भांडी घासता घासता ते मधलं मी मनात रचायची आणि धाकट्या भावंडांना ऐकवायची. ती ‘पुढं काय झालं’ विचारायची. ‘असं कसं’ कधी विचारायची नाहीत. मला ‘असं कसं’ विचारणारं कोणीतरी हवं होतं.

भावंडं आपापल्या संसाराला लागली. आई-वडील गेले. माझं लग्न राहून गेलं. त्याचं कारण विचारणाऱ्या बायकांना मी पूर्वी उत्तर द्यायची, आता देत नाही. वडिलांनी कोल्हारला बांधलेल्या दोन खोल्यांत राहते. रोज सकाळी काळ्या-पिवळ्या जीपने शिर्डी, संध्याकाळी परत. काउंटरवर दिवसभर माणसांची रीघ असते. किल्ली द्या, गरम पाणी किती वाजेपर्यंत, दर्शनाला किती वेळ लागेल, बिल करा. बोलणारे खूप, पण त्यातलं एकही बोलणं माझ्यासाठी नसतं. माझ्या जागी उद्या बोलकं यंत्र ठेवलं तरी त्यांना फरक पडणार नाही, आणि मालकाच्या ते डोक्यातही असेल.

ग्रुपमध्ये आले तेव्हा फोटोच्या जागी मी नायकाची काळी पट्टी लावली होती आणि नाव लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी मला भाऊ म्हटलं. मी म्हणू दिलं. पुढे मीही ‘बघतो’, ‘म्हणतो’ असं लिहायला लागले. गंमत म्हणून नव्हे. समोर बाई आहे म्हटलं की लोक बोलायचं सोडून नीट वागायला लागतात, हे मी काउंटरवरून रोज बघते. नीट वागणारे मला पुष्कळ मिळतात. माझं पोट त्यावरच चालतं.

तर मुखवटा. नायकाची पट्टी डोळ्यांपुरती. खाली नाक, तोंड आणि मधोमध खळगा पडलेली हनुवटी साफ दिसते. त्याची बायको त्याला रोज जेवायला वाढते. नायक म्हणूनही तो तिला दर दोन अंकांनी वाचवतो. एकदा तर ती पुलावरून त्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळते. तरी तिला कळत नाही की हा आपलाच नवरा! हे असं कसं? वकिलांचं म्हणणं, बोटांतल्या विजेमुळे बघणाऱ्याचे डोळे दिपतात. ते फार टिकलं नाही. मग मी लिहिलं, ‘यात अवघड काय आहे? माणूस माणसाकडे बघतच नाही. लोक घड्याळ बघतात, घड्याळजी कोण बघतो?’

त्यावर हा माणूस उसळला. पाथर्डीच्या बाजूला एका गावात त्याचं औषधांचं दुकान होतं, हे मला नंतर कळलं. तो बोलतो तसंच लिहायचा.

‘अक्कल गहाण ठेवलीय का भाऊ? रोज ज्याच्या ताटात वाढायचं त्याची हनुवटी बाईला कळंना व्हय? ती वळखती. वळखून गप बसती. लई फरक हाय.’

‘पुरावा?’ मी लिहिलं.

‘एका दिवाळी अंकात ती स्वतः सांगती. ल्हानपणी वाचलाय मी.’

तो दिवाळी अंक ग्रुपमध्ये कोणाकडेच नव्हता. कोणी पाहिलाही नव्हता. मी लिहिलं, ‘अंक दाखव, नाहीतर गप बस.’ तो गप बसला नाही. मीही बसले नाही. शेवटी कंटाळून ग्रुपवाले म्हणाले, तुमचं दोघांचं तुम्ही वेगळं भांडा. तेव्हापासून आम्ही वेगळं भांडायला लागलो, ते जवळजवळ दोन वर्षं.

सकाळचे लोक खोल्या सोडून गेले आणि दुपारचे यायचे असले की आमच्या काउंटरवर शांतता असते. त्याच्याही दुकानात तेव्हा गर्दी कमी. तेवढ्या वेळात आमची जुंपायची. ‘थांबा, गिऱ्हाईक आलंय, मग तुमची खोड मोडतो’ असं लिहून तो जायचा आणि मी खोड मोडून घ्यायला वाट बघत बसायची. हनुवटीवरून पुलावर, पुलावरून आईच्या दुसऱ्या मरणावर, तिथून पुन्हा हनुवटीवर. तो मला ढ म्हणायचा, मी त्याला मंद म्हणायची. एकमेकांच्या घरादाराची चौकशी आम्ही कधी केली नाही. त्याच्या आईचे गुडघे दुखतात, हे मला एवढ्यासाठीच माहीत होतं की त्यामुळे एकदा त्याचं उत्तर यायला उशीर झाला होता.

एकदा मला ताप आला. दोन-तीन दिवस अंथरुणातून उठवलं नाही. हॉटेलातून फोन आला, तो रजेचं सांगायला हवं होतं म्हणून. भावाचा फोन यायचा दिवस नव्हता. चौथ्या दिवशी मोबाईल उघडला तर याचा मेसेज आदल्या दिवसाचा: ‘भाऊ, हरलात का?’ आणि त्याच्याखाली, बऱ्याच वेळाने लिहिलेला: ‘बरं हाय ना?’ मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उत्तर मात्र झणझणीत दिलं, ‘हरतो तुझा खलनायक. मी आहे.’ मला त्या दिवशी कळलं की माझ्या नसण्याची जगात एका ठिकाणी नोंद होते, आणि ते ठिकाण गेलं तर मला दुसरं नाही.

मग एके दिवशी त्याने लिहिलं, ‘भाऊ, आईचा नवस हाय. मंगळवारी समदे शिर्डीला येतोय. तुमी कोल्हारचे, म्हंजी तुमच्या उंबऱ्यातच आलो की. भेटायचंच. एक वस्तू आणतोय, बघून तुमचं थोबाड बंद व्हईल. हाटेल बी तुमीच सांगा.’

मी माझ्याच हॉटेलचं नाव सांगितलं. दुसरी शेकडो हॉटेलं होती. पण मला त्याला बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याने मला ओळखावं असंही वाटत होतं. दोन अंकांमधला नायकाच्या पट्ट्याच्या बकलाचा फरक या माणसाच्या नजरेतून सुटला नव्हता. मी ठरवलं, चार वाजता तो खाली येईल तेव्हा सांगून टाकायचं. त्याला लिहिलं, ‘चारला खाली लॉबीत बस, येतो.’

मंगळवारी काय नेसायचं हा प्रश्न नव्हता. हॉटेलची मोरपंखी साडी नेसावीच लागते. तरी तिला दोनदा इस्त्री केली. जीपमध्ये बाभळेश्वरपासून राहात्यापर्यंत मी एकच वाक्य मनात घोळवत होते. शेजारची पेरूवाली बाई म्हणाली, ‘काय वो, तब्येत बरी न्हाई का?’ इतकं माझ्या तोंडावर दिसत असावं.

ते दुपारी आले. पुढे तो, मागे बायको, दोन मुलं आणि काठी टेकत आई. त्याने आधार कार्ड पुढे केलं. कार्डावर त्याचं नाव मी पूर्ण वाचलं आणि मान वर केली. फोटोपेक्षा केस कमी झाले होते. चेहरा गोल, भला. तो काउंटरवरच्या किल्लीकडे बघत होता.

‘ताई, लिफ्ट चालू हाय ना? आईला जिना जमत न्हाई.’

‘चालू आहे.’

‘आन् गरम पानी?’

‘सकाळी चार ते नऊ. संध्याकाळी हवं असेल तर खाली सांगा, बादली पाठवते.’

‘लई उपकार,’ म्हणून त्याने किल्ली घेतली आणि आईचा दंड धरून लिफ्टकडे गेला. माझ्याकडे त्याने एकदाही नीट पाहिलं नाही. माझं म्हणणं माझ्या डोळ्यांदेखत खरं ठरलं होतं: लोक घड्याळ बघतात. आनंद व्हायला हवा होता. मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे खोलीचा नंबर लिहिला.

चारच्या जरा आधीच तो खाली आला. अंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, हातात औषधांच्या दुकानाची कागदी पिशवी. मुलगी बघायला आलेल्या माणसासारखा सोफ्याच्या कडेवर बसला, तोंड दाराकडे करून. दारातून कोणी त्याच्या मनातल्या भाऊंच्या वयाचा बाप्या आत आला की हा अर्धा उठायचा आणि तो माणूस लिफ्टकडे गेला की पुन्हा बसायचा. एक सुरतेचे आजोबा तर याचं हसू बघून बिचारे घाबरलेच. माझ्यासमोर तेव्हा नागपूरचं एक कुटुंब खोली बदलून मागत होतं, आणि माझ्या मोबाईलवर मेसेज येत होते.

‘भाऊ, कुठवर आलात?’

‘भाऊ, गाडी न्हाई घावली का?’

‘भाऊ, भ्यालात व्हय?’

दहा पावलांवर तो अंगठ्याने लिहीत होता आणि मी वाचत होते. शेवटचा मेसेज खराच होता. मी भ्यालेच होते. नागपूरवाल्यांना मी कोणालाच नको असलेली खोली दिली, ती त्यांनी आनंदाने घेतली आणि काउंटर रिकामं झालं. तेव्हा तो स्वतःच उठून आला.

‘ताई, माझी चौकशी करत कोन आलं होतं का? कोल्हारचे हायेत एक जन. उंच असतील.’

‘उंच कशावरून?’

‘बोलन्यावरनं वाटतं,’ तो म्हणाला आणि पुन्हा दाराकडे बघायला लागला.

मी काउंटरची फळी उचलली आणि बाहेर आले. कामावर असताना मी सहसा बाहेर येत नाही. त्याच्यासमोर उभी राहिले आणि जीपमध्ये घोळवलेलं वाक्य म्हटलं, ‘ती ओळखून गप्प बसते, हे तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही.’

त्याने आधी माझ्या मागे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्याचा चेहरा उजळला.

‘आस्सं! तुमी भाऊंच्या मिसेस का? त्येंनी निरोप दिलाय व्हय? आले न्हाईत का?’

‘भाऊ कोणी नाही. मीच आहे.’

तो हसला, मग हसायचा थांबला. मी म्हटलं, ‘पट्ट्याचं बकल उलटं आहे कारण तो आरशासमोर उभा आहे, हे मी सांगितलं होतं, आणि तू मला म्हणाला होतास, की डोक्यात शेण भरलंय.’

हे सांगताना मला हसू येत होतं. त्याला आलं नाही. तो दोन पावलं मागे सरला, पिशवी काखेत धरली आणि मला हात जोडले.

‘ताई, माफ करा. आईची आन, मला ठावं न्हवतं. मी काय काय बोललो तुमाला.’

‘अरे, मीही बोलले की.’

‘तुमचं येगळं,’ तो म्हणाला. ‘तुमी मोठ्या हायेत.’

मी किती सांगितलं. बस म्हटलं, चहा सांगते म्हटलं. तो बसेना. मी उभी असेपर्यंत तो उभाच राहिला, आणि मला कळेना की या माणसाला खाली कसं बसवायचं. मग तो घाईने वर गेला आणि सगळ्या घरालाच खाली घेऊन आला. बायको हसतमुख होती. ‘ह्यांचे भाऊ म्हंजी तुमीच का! मी म्हनायची, हे कोन भाऊ, येवढे का भांडत्यात,’ असं म्हणून तिने मला वाकून नमस्कार केला. मुलांनाही करायला लावला. आईने माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘लेकरं किती?’ मी मान हलवली. ती समजली आणि तिने पुन्हा एकदा हात फिरवला. सगळी माणसं चांगली होती. कोणाचंच काही चुकलं नाही.

जाताना त्याने ती पिशवी मला दोन्ही हातांनी दिली. ‘ताई, ही तुमच्यासाठीच आनली होती,’ एवढंच म्हणाला. थोबाड बंद व्हईल वगैरे काही म्हणाला नाही.

जीपमध्ये मी पिशवी उघडली. दिवाळी अंक होता. कडा कुरतडलेल्या, पण पानं सगळी जागेवर. कोल्हार येईपर्यंत वाचून संपवला. शेवटच्या चार पानांत बायको रात्री नवऱ्याच्या खांद्याला औषध लावते आहे. तो म्हणतो, दुकानात शिडीवरून पडलो. ती म्हणते, हो. आणि तिच्या डोक्यावरच्या ढगात लिहिलंय की लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने त्याला ओळखलं होतं. तो सांगेल तेव्हा सांगेल, तोवर आपण कशाला बोला. हा म्हणत होता ते शब्दन् शब्द खरं होतं. दोन वर्षं मी त्याला खोटारडा म्हणत होते.

आणि तरी मी हरले नव्हते. मला तिथेच जीपमध्ये मुद्दा सुचला. अरे बाबा, ती बायको होती. तू माझ्याशी दोन वर्षं रोज बोललास, माझ्यासमोर उभा राहून गरम पाणी मागितलंस आणि तुला पत्ता लागला नाही. मग ओळखतं कोण आणि कशावरून? तो काय म्हणेल तेही मला ऐकू यायला लागलं: ‘तुमी काय माझ्या ताटात वाढत व्हता?’ त्यावर मी काय म्हणेन, त्यावर तो काय. या एका भेटीवर आमचं वर्षभर निघालं असतं. घरी गेल्यावर कुलूप उघडेपर्यंत मी मनातल्या मनात तीन वेळा जिंकले आणि एकदा हरले होते. इतकी आनंदात मी बऱ्याच दिवसांत घरात शिरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काउंटर शांत झाल्यावर मोबाईल उघडला. त्याचा मेसेज होता. गुलाबाच्या फुलांचं चित्र, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘शुभ सकाळ’ आणि खाली लिहिलेलं, ‘ताई, सुखरूप पोचलो. आई तुमची आठवण काढते.’ शब्दही त्याचे राहिले नव्हते. शाळेच्या पुस्तकातून आणल्यासारखे होते.

मी जीपमधला मुद्दा लिहून पाठवला. सगळा. शेवटी ‘बोल आता’ असंही लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ‘बरोबर आहे ताई.’

ग्रुपमध्ये त्याने सांगून टाकलं होतं, अर्थात अभिमानाने. भाऊ या आपल्या ताई आहेत, शिर्डीला कोणी गेलं तर त्या फार मदत करतात. सगळ्यांनी हात जोडले. वकिलांनी लिहिलं, यापुढे सर्वांनी भाषा सांभाळावी. त्याच आठवड्यात मी एका वादात मुद्दाम लिहिलं, ‘चूक असेल छापणाऱ्याची.’ गाढव लाव म्हणून कोणी म्हणालं नाही. मी वाट बघितली. मास्तरांनी लिहिलं, ‘ताई म्हणतात त्यातही तथ्य आहे,’ आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळले.

मग हनुवटीचा विषय पुन्हा निघाला. एका नव्या मेंबराने विचारलं, बायको ओळखते की नाही? मी मोबाईल हातात धरून बघत बसले. अंक आता माझ्याकडे होता, पण लहानपणी वाचलेला त्याने होता, दोन वर्षं एकटा लढला होता तो त्यासाठी. तो लिहीत असल्याचं दिसत होतं. थांबला, पुन्हा लिहायला लागला. मग आलं, ‘याबाबत ताईंचं मत असं आहे की कोणी ओळखत नाही. तेच योग्य वाटतं.’

माझं डोकंच फिरलं. समोर कोणी पाहुणे किल्ली मागत होते, त्यांना मी ‘थांबा’ म्हणून खेकसले. त्याला वेगळं लिहिलं, ‘पुरावा तुझ्याकडे होता. तूच मला आणून दिलास. शेवटची चार पानं मी वाचलीत, तू जिंकलायस. मग माघार का घेतोस?’

‘जाऊ द्या ताई. तुमचंही बरोबर आहे.’

आणि मग आयुष्यात कोणाकडे कधी काही मागितलं नाही ते मागितलं. लिहिलं, ‘माझ्याशी पहिल्यासारखा भांड ना. मला ढ म्हण. दिवसभरात तेवढंच एक बोलणं माझं असतं. मला करमत नाही रे.’

मेसेज त्याने लगेच वाचला. उत्तर यायला वेळ लागला. गिऱ्हाईक आलं असेल असं मी स्वतःला सांगितलं. पाहुण्यांना किल्ली दिली, गरम पाण्याची वेळ सांगितली, लिफ्ट दाखवली. मग उत्तर आलं.

‘ताई, माझं काही चुकलं का? चुकलं असेल तर लहान भाऊ समजून माफ करा.’

मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘नाही दादा, तुमचं काही चुकलं नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.’